तेरा भागांचा गुलाबी बोका

पत्रलेखिका ३७ वर्षांच्या असून पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत डिझायनर आहेत. वडील डॉक्टर असल्यामुळे वयाच्या दुसऱ्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंतचा काळ त्यांनी उत्तर इंग्लंडमधील एका लहान गावात काढला. वडील दिवसभर रुग्णालयात, बाहेर पाऊस आणि घरात आई, त्या व ग्रंथालयातून आणलेल्या व्हिडिओ कॅसेट असे ते दिवस होते. 'बॅगपस' हा पट्ट्यापट्ट्यांचा कापडी बोका, 'क्लँगर्स' हे विणलेले बाहुले, 'पोस्टमन पॅट' हा टपालवाला आणि आईचा लाडका अस्वल-बाहुला 'पॅडिंग्टन' ही ब्रिटिश बालमालिकांतील मंडळी तेव्हापासून त्यांच्या मनात मुक्कामाला आहेत. गेली तीन वर्षे त्या रात्री जागून याच शैलीत चित्रे काढतात आणि समाजमाध्यमांवर त्यांचे कौतुकही होते. आता नोकरी सोडून, घरासाठी साठवलेले पैसे खर्च करून ब्रिटनमध्ये (ब्रिस्टलला) स्टॉप-मोशन ॲनिमेशन, म्हणजे बाहुली थोडी थोडी सरकवून एकेक चौकट (फ्रेम) टिपण्याची कला, शिकायला जावे असे त्यांना वाटते; पण पाऊल अडते. एका कार्यशाळेत ज्येष्ठ चित्रकाराने 'हे आपल्या मातीतले नाही, उसने आहे' असे सुनावले. सात वर्षांच्या मुलाला हौसेने 'बॅगपस' दाखवला, तर तो "आई, हे इतकं हळू का चालतं?" असे विचारून पाच मिनिटांत उठून गेला. स्वतःचे काही करायला बसले की हात चालत नाही आणि कागदावर पुन्हा तोच बोका उमटतो. 'मला खरोखर कलाकार व्हायचे आहे, की केवळ माझे बालपण परत हवे आहे?' असे त्या विचारतात. ताजा कलम म्हणून त्यांनी एक ओळ लिहिली आहे: 'आईला तिकडचे उच्चार नीट कळत नसत, म्हणून ती चित्रे पाहून स्वतःच मराठीत गोष्ट रचून सांगे.'

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नातील 'की' हा शब्द मला मान्य नाही. कलाकार होणे आणि बालपणाची ओढ असणे या दोन गोष्टी तुम्ही तराजूच्या दोन पारड्यांत ठेवल्या आहेत. पण ज्या लोकांच्या कामाने तुम्हाला वेड लावले, त्यांच्याकडे पाहिले तर त्या एकाच पारड्यात बसलेल्या दिसतात. 'बॅगपस' १९७४ साली प्रथम प्रसारित झाला. त्याच्या सुरुवातीची छायाचित्रे आठवा. ती जुन्या तपकिरी छटेची आहेत, बोक्याची मालकीण एमिली जुन्या वळणाच्या पोशाखात आहे आणि तिचे दुकानही कुठल्याशा मागच्या काळातले आहे. गॉर्डन मरे यांची 'कॅम्बरविक ग्रीन' ही बाहुल्यांची मालिका १९६६ ची. म्हणजे इंग्लंडमधील तरुण पिढी सगळे जुने मोडीत काढायला निघाली होती तेव्हाची. तिच्यात मात्र पवनचक्कीवर दळण दळणारा गिरणीवाला आहे आणि जुन्या गणवेशातील सैनिकांची गढी आहे. तुम्ही ज्या काळाची आठवण काढता, त्या काळातील माणसे त्याच्याही मागच्या काळाची आठवण काढत बसली होती. तेव्हा गतकाळाची ओढ हा कलाकाराचा दोष आहे, ही समजूत आधी बाजूला ठेवूया. मला अडचण दिसते ती दुसरीच. तुमची ओढ त्या चित्रांच्या रूपावर थांबली आहे आणि ते रूप कसे जन्माला आले इथपर्यंत पोहोचलेली नाही.

ते कसे जन्माला आले, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण तुमच्या निर्णयाशी त्याचा थेट संबंध आहे. ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन या दोघांची 'स्मॉलफिल्म्स' नावाची जी संस्था होती, तिचे कामाचे ठिकाण म्हणजे केंट परगण्यात कँटरबरीजवळच्या ब्लीन या गावी फर्मिन यांच्या शेतावर असलेला, वापरात नसलेला गुरांचा गोठा. पोस्टगेट लिहीत, चित्रीकरण करीत आणि निवेदनही स्वतःच्या आवाजात करीत. फर्मिन चित्रे काढीत आणि बाहुल्या व देखावे बनवीत. कॅमेऱ्याच्या जोडणीला मेकॅनो या खेळण्याचे भाग लावलेले होते. १९५९ मधील 'आयव्हर द इंजिन' कागदाची कापलेली चित्रे सरकवून केले, कारण तेच परवडत होते. क्लँगर्सची गुलाबी कातडी फर्मिन यांच्या पत्नी जोन यांनी विणली. एमिली ही फर्मिन यांचीच मुलगी. क्लँगर्सना बोलता यावे म्हणून पोस्टगेट यांनी आधी साध्या इंग्रजीत संवाद लिहिले आणि मग दांडा आतबाहेर सरकवून सूर चढवता-उतरवता येणाऱ्या शिट्टीवर ते वाजवून घेतले. आणि तुमचा तो बोका खरे तर नारिंगी पट्ट्यांचा होणार होता. कापड रंगवताना चूक झाली आणि तो गुलाबी झाला. तुम्ही तीन वर्षे ज्या गुलाबी छटेचा पाठपुरावा करीत आहात, ती रंगाऱ्याची चूक आहे, हे वाचून तुम्हाला हसू यावे अशी माझी इच्छा आहे.

काटकसरीचा हा गुण केवळ त्या गोठ्यापुरता नव्हता. मँचेस्टरच्या कॉसग्रोव्ह हॉल या संस्थेने १९८१ पासून 'डेंजर माउस' ही व्यंगचित्र मालिका काढली, तेव्हा चित्रे वाचवण्यासाठी प्रसंग कधी उत्तर ध्रुवावर नेत, म्हणजे मागे नुसता पांढरा कागद पुरे. कधी सगळे अंधारात घडवीत, म्हणजे काळ्या पडद्यावर लुकलुकणारे डोळे तेवढे काढायचे. प्रेक्षकांना तो विनोद वाटे आणि तो विनोदही होताच.

आता पॅडिंग्टनचे पाहा. १९७६ च्या त्या मालिकेत आयव्हर वुड यांनी अस्वलाची बाहुली खरी, भरीव आणि लोकरी केसांची केली; पण त्याच्याभोवतीची सगळी माणसे आणि घरे सपाट कागदाची ठेवली. यात श्रम वाचले हे उघड आहे. पण त्यातून एक अर्थही तयार झाला: पेरू देशातून आलेला हा पाहुणा एकटाच भरीव आणि बाकीचे सारे लंडन कागदी. त्या गावात तुमच्या वर्गात मराठी बोलणारी मुलगी बहुधा तुम्ही एकट्याच असाल, आणि तुमच्या आईला शेजारणींचे उच्चारही कळत नव्हते. आईचा लाडका तोच का होता, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? तुम्ही तो उल्लेख केवळ यादीत केला आणि पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबलो.

म्हणून 'हे आपल्या मातीतले नाही' या ताशेऱ्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अशा वेळी पत्राला उत्तर देणाऱ्याने पिंगुळीच्या चित्रकथीकडे, वारली रेषेकडे किंवा कळसूत्री बाहुल्यांकडे बोट दाखवायचे अशी रीत आहे. त्या परंपरा थोर आहेत, परंतु त्या तुमच्या बालपणात नव्हत्या. ज्या गोष्टीशी तुमचा संबंध सुट्टीतील एका प्रदर्शनापुरता आहे, ती केवळ महाराष्ट्रातील आहे म्हणून तिची शैली उचलणे हेही उसनेच ठरेल. पावसाळी इंग्रजी गावातील मराठी घराची बैठकीची खोली ही तुमची माती आहे. ती कोणत्याही नकाशात सापडत नाही, एवढेच. शिवाय उसनेपणाची एवढी भीती बाळगणाऱ्यांनी दादासाहेब फाळक्यांकडे पाहावे. त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपले देव दिसावेत असा ध्यास घेतला. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन आले, कॅमेरा आणला आणि घरी कुंडीतल्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली. ते छोटे चित्रण दाखवून त्यांनी भांडवल मिळवले. पुढे १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' करताना त्यांनी काड्या एकेक चौकटीने हलवल्या. एक वस्तू थोडी सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची, हे काम आपल्याकडे त्या गोठ्याच्याही चाळीसेक वर्षे आधी झाले होते.

फाळक्यांचा क्रम लक्षात घ्या: नमुना आधी, पैसा नंतर. तुम्ही उलटा क्रम धरला आहे, आणि नोकरी सोडण्याबद्दल मला काळजी वाटते ती यामुळे. तुमच्या पत्रात तीनशेहून अधिक चित्रांचा उल्लेख आहे, परंतु पूर्ण केलेल्या एकाही हलत्या चित्राचा नाही. स्थिर चित्रावर प्रेम असणे आणि एका बाहुलीचा हात तासभर केसभर केसभर उचलण्यात मन रमणे या वेगळ्या प्रकृती आहेत. मी काही वर्षे ॲनिमेशन शिकवले आहे. उत्तम चित्र काढणारे विद्यार्थी दुसऱ्याच आठवड्यात कंटाळून गेलेले पाहिले आहेत आणि बेताची रेषा असलेली मुले पहाटेपर्यंत सेटवरून न हललेली पाहिली आहेत. तुम्ही यांपैकी कोण आहात, हे अजून तुम्हालाच ठाऊक नाही. ते जाणून घेण्यासाठी घराचे पैसे मोडणे फार महाग पडेल.

ब्रिस्टलला जाऊन शिकण्यात काही अर्थ नाही असे मी म्हणत नाही. १९७६ पासून आर्डमन ही स्टॉप-मोशनची नामवंत संस्था तिथे आहे, कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी तिथे आहे. चांगल्या अभ्यासक्रमात प्रकाशयोजना, आर्मेचर म्हणजे बाहुलीचा आतला सांगाडा बांधणे, कथेची मांडणी आणि मुख्य म्हणजे बरोबर काम करणारी माणसे मिळतात. ही शेवटची गोष्ट घरी बसून मिळत नाही. पण 'वॉलेस अँड ग्रोमिट'चे जनक निक पार्क यांचे उदाहरण पुरते पाहा. 'अ ग्रँड डे आउट' त्यांनी १९८२ मध्ये चित्रपट शाळेतील विद्यार्थी म्हणून सुरू केले आणि ते १९८९ मध्ये पूर्ण झाले. तेवीस मिनिटांच्या चित्रपटाला सात वर्षे लागली, आणि मधल्या काळात आर्डमनमध्ये दुसरी कामेही चालू होती. शाळेत दाखल झाल्याने ही वर्षे टळत नाहीत. आणखी एक व्यावहारिक बाब अशी की अशा अभ्यासक्रमांचे प्रवेश स्वतःच्या कामाचा संच पाहून होतात, आणि दुसऱ्याच्या बोक्याची तीनशे चित्रे तिथे तुमच्या विरुद्धच जातील.

या वर्षी राजीनामा देऊ नका, असे मी स्वच्छ सांगतो. नव्वद सेकंदांचा एक तुकडा पूर्ण करा. त्यानंतरही ओढ टिकली, तर आधी आर्डमन ॲकॅडमीसारख्या संस्थांचे छोटे किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम पाहा, आणि मग पूर्ण वेळ शिक्षणाचा विचार करा. तेव्हाही कंपनीकडे बिनपगारी रजा मागून पाहा. शुल्काबरोबर राहण्याचा खर्च, मुलाची व्यवस्था आणि परतल्यावरचे एक वर्ष यांचा हिशेब यजमानांसमवेत कागदावर मांडा. व्हिसाचे नियम तेथील सरकारी संकेतस्थळावरूनच वाचा, मध्यस्थाच्या तोंडून नव्हे. आपल्याकडे स्टॉप-मोशनचे काम मुख्यतः जाहिरातींत मिळते, आणि लघुपट मोजकेच होतात. मुंबईच्या स्टुडिओ ईकसॉरसने केलेली 'टोकरी' जमल्यास पाहा. मुंबईची एक खोली मातीच्या बाहुल्यांनी कशी उभी राहते, ते त्यात दिसेल.

आता तुमच्या चिरंजीवांबद्दल. त्याचा प्रश्न चुकीचा नाही; 'बॅगपस' खरोखरच हळू चालतो आणि मीसुद्धा एका भागात डुलकी काढली आहे. परंतु तुमच्या लक्षात न आलेली एक गोष्ट सांगतो. 'बॅगपस'चे एकूण भाग किती? तेरा. 'कॅम्बरविक ग्रीन'चे तेरा, 'ट्रम्प्टन'चे तेरा, 'चिग्ली'चे तेरा आणि १९८१ च्या पहिल्या 'पोस्टमन पॅट'चेही तेराच. पंधरा-पंधरा मिनिटांचे तेरा भाग म्हणजे सारा 'बॅगपस' सव्वातीन तासांत संपतो. तुम्हाला तो अथांग वाटतो, कारण तोच तोच पुन्हा पाहिला गेला. इंग्लंडमधील मुलांनी तो वर्षानुवर्षे पुनःप्रसारणांत पाहिला आणि तुम्ही कॅसेट गुळगुळीत होईपर्यंत पाहिला. तुमच्या मुलाने पाच मिनिटे पाहिला, तीही आईच्या चेहऱ्यावरची अपेक्षा निरखत. मुलांचा धीरच संपला आहे असा निष्कर्ष यावरून काढू नका. २०१५ मध्ये 'क्लँगर्स' पुन्हा आले तेव्हाही बाहुल्या विणलेल्याच होत्या आणि नव्या मुलांनी त्यांना आपले म्हटले. तुमच्या बालपणाला त्याने पसंतीची पावती द्यावी, ही अपेक्षा तेवढी मागे घ्या. त्याला काम द्या. बाहुली सरकवली की फोनवरचे बटण दाबणारा मदतनीस तुम्हाला लागणारच आहे, आणि दोन दिवसांचे काम दहा सेकंदांत धावून जाताना पाहिले की 'हळू' या शब्दाचा अर्थ त्याला निराळा लागेल.

हात चालत नाही आणि बोकाच उमटतो, यावर उपाय थोडा कठोर आहे. गॉर्डन मरे यांनी 'कॅम्बरविक ग्रीन', 'ट्रम्प्टन' आणि 'चिग्ली' या आपल्या तिन्ही मालिकांतील बहुतेक बाहुल्या पुढे स्वतःच शेकोटीत जाळून टाकल्या. लोक हळहळतात, पण त्या करणाऱ्याला त्यांचे काम झालेले दिसले असावे, असा माझा तर्क आहे. तुम्ही काही जाळू नका. तीन महिने मात्र जुन्या पात्रांचे एकही चित्र काढायचे नाही आणि कुठे टाकायचे नाही, एवढे पथ्य पाळा. ओघाने सांगतो, ती पात्रे आजही कोणाच्या तरी मालकीची आहेत. सरावासाठी काढणे वेगळे आणि छापून विकणे वेगळे. हे पथ्य केवळ तुमच्यासाठी नाही. कोणी जपानी मालिकांच्या प्रेमात आहे, कोणी लहानपणी वाचलेल्या मराठी अनुवादातील रशियन पुस्तकांच्या चित्रांच्या. अशी पत्रे मला नेहमी येतात आणि ती सारी माणसे आवडत्या चित्राची नक्कल करून त्याच्या जवळ जाऊ पाहतात. आपले आवडते काम कोणत्या अडचणीतून तसे झाले, हे शोधावे आणि मग स्वतःच्या अडचणीपासून सुरुवात करावी, हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. तुमची अडचण काय आहे? वेळ कमी, जागा एका टेबलाची, अनुभव शून्य. गोठ्याच्या मानाने हे काही वाईट नाही.

नव्वद सेकंदांचा हिशेब असा आहे. सेकंदाला चोवीस चौकटी असतात, परंतु प्रत्येक स्थिती दोन चौकटी धरली की बारा स्थिती पुरतात. म्हणजे एकूण १,०८० स्थिती झाल्या. एका बैठकीत साठ जमल्या, तर अठरा बैठका. शनिवार-रविवार धरून नऊ आठवडे. पात्र एकच ठेवा आणि जागाही एकच. पात्राला चालवू नका; चालणे हे या कलेतील सर्वांत कठीण काम आहे, त्यामुळे पाय चौकटीच्या बाहेर ठेवा किंवा पात्राला बसवून टाका. साहित्य कागदाचे असू द्या. सांध्यांना दोरा आणि मागून चिकटमातीची गोळी पुरते. फोन ट्रायपॉडवर घट्ट बांधा. फोनसाठी 'स्टॉप मोशन स्टुडिओ' या ॲपची मोफत आवृत्ती आरंभाला चालेल. 'ड्रॅगनफ्रेम' या व्यावसायिक सॉफ्टवेअरचा खर्च आत्ता नको. खिडकीचे पडदे ओढून फक्त दोन दिव्यांवर काम करा, कारण ढग सरकला की चित्र लुकलुकते; कॅमेऱ्याचा प्रकाश आणि रंग स्वयंचलित न ठेवता कायम करून टाका, आणि गडद कपडे घाला, नाहीतर तुमच्या पांढऱ्या कुडत्याचा उजेड बाहुलीवर पडत राहील.

या सगळ्याच्या आधी करायचे काम मात्र आवाजाचे आहे. ॲनिमेशनमध्ये आवाज बहुधा आधी मुद्रित होतो आणि चित्रे त्यावर बसवली जातात. शिवाय तुम्ही नावे घेतलेली चारही कामे आठवून पाहा: प्रत्येकात एकच मोठे माणूस शांतपणे गोष्ट सांगत असते. तुमच्या घरात त्या आवाजाच्या वर दुसरा आवाज होता. पडद्यावर पोस्टगेट एक सांगत होते आणि सोफ्यावर तुमची आई भलतेच काही सांगत होती; तुमच्या स्मरणात जो बॅगपस आहे, तो जगात तुमच्याखेरीज कोणी पाहिलेलाच नाही. संपूर्ण पत्रातील सर्वांत मोलाची ओळ तुम्ही ताज्या कलमात टाकून दिली आहे.

आई पुण्यातच असतात असे तुम्ही लिहिले आहे. त्यांच्याकडे जा आणि पॅडिंग्टनचा एखादा जुना भाग आवाज बंद करून लावा, आणि त्या सांगतील ती गोष्ट फोनवर टिपून घ्या. 'ध्वनिमुद्रण करायचे आहे' असे आधीच सांगून त्यांना अवघडवू नका. नंतर सांगा आणि वापरण्याआधी परवानगी घ्या. नातवाला शेजारी बसवा, म्हणजे त्या त्याच्यासाठी बोलतील. त्या गोष्ट चुकवतील, अस्वलाला भलत्याच आळीत नेतील, मध्येच चहाचे विचारतील; ते सगळे राहू द्या, कारण तुमचे पात्र, तुमची जागा आणि तुमचे नव्वद सेकंद त्या चुकांमध्येच सापडण्याची शक्यता अधिक आहे. फोन टेबलावर उघडा ठेवू नका, खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा, नाहीतर कपबशीचा प्रत्येक आवाज घणासारखा येतो. आणि उकडत असले तरी तेवढा वेळ पंखा बंद ठेवा. ती घरघर नंतर नीट काढता येत नाही.